बिनकष्टाची बाग

साहेबांना बागेचा भारी नाद, असं सगळी गल्ली म्हणायची. माई ते ऐकायची आणि गप्प बसायची. नाद साहेबांचा आणि कंबरदुखी माईची, ही वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झालेली होती. साहेब पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर. अख्ख्या शहराचे नळ त्यांच्या सहीने चालायचे, पण स्वतःच्या घरच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

सकाळी व्हरांड्यात आरामखुर्ची पडायची, हातात चहा यायचा आणि साहेब बागकाम सुरू करायचे. म्हणजे काय, तर बोट दाखवायचे. तो खालचा फुटवा काढ. ती फांदी नको, तिच्या शेजारची. हिरवळीत तिकडे गवत माजलंय, दिसत नाही का तुला? उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंटावर तरी चढावं लागतं, इथे तेही कष्ट नव्हते. आणि पाहुणे आले की ऐकावं. हा गुलाब मी लावला, ही छाटणी मी केली, या खताचा प्रयोग माझा. पुष्पप्रदर्शनात मिळालेला कप काचेच्या कपाटात होता, त्यावर साहेबांचं नाव होतं आणि तो पुसायचं काम माईकडे होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर माईने काही म्हटलं नसतं. बायका काय काय पुसत असतात जन्मभर. पण बाग आली आणि माईचं कुठे जाणं-येणंच बंद झालं. कुठेही जायचं नाव काढलं की साहेब विचारायचे, ‘बागेचं काय?’ भाच्याच्या लग्नाला गेली, तर जेवलेला हात वाळायच्या आत गाडीत बसून परत. धाकट्या बहिणीचा नवरा गेला तेव्हा मात्र ती हट्टाने आठवडाभर राहिली. परत आली तर हिरवळ करपलेली. साहेबांनी स्वतः नळ सोडला नव्हता. तो सोडायचा असतो हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं म्हणे. त्यानंतर कित्येक वर्षं ते चारचौघांत त्या हिरवळीची गोष्ट सांगायचे. साडू गेल्याचं त्यात कधी यायचं नाही. हिरवळ गेल्याचं यायचं.

अशात धाकटीचा फोन आला. धाकटी परगावी एकटी राहायची, कपडे शिवून पोट भरायची. तिचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की याला औषध नाही, हळूहळू जातील. धाकटीची थट्टेची खोड लहानपणापासूनची, ती म्हणाली, ‘ताई, काल एका बाईला तिच्या झग्याचं बटण पाठीला लावून दिलं. तिला फॅशन वाटली.’ माईला हसू आलं नाही. मग धाकटीही थट्टा सोडून म्हणाली, ‘येऊन राहा गं थोडे दिवस. तुझं तोंड एकदा नीट बघून घेऊ दे. पुढे नुसत्या आवाजावर भागवायचंय.’

माईने फोन ठेवला आणि साहेबांना सांगितलं की मला बहिणीकडे जायचंय, चांगले दोन महिने. साहेब तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त इंजिनीअर म्हणजे रिकामा सुतार. दुसरं काही मिळालं नाही तर बसल्या जागचा पाट तासायला घेतो. ते ‘जा’ म्हणाले नाहीत, ‘जाऊ नको’ही म्हणाले नाहीत. डोळे मिटून बसले आणि मग म्हणाले की अडचण मुळापासून सोडवू. तुला बागेमुळे जाता येत नाही ना? मग देखभालच लागणार नाही अशी बाग करू. जगभर लोक करतात. एकदा ती बाग उभी राहिली की तू मोकळी.

माईला त्याच वेळी म्हणता आलं असतं की अहो, नळ सोडायला शिका, झालं! पण ‘तू मोकळी’ हे शब्द त्या घरात तिने पहिल्यांदाच ऐकले होते. बिचारी भुलली. एवढ्या वर्षांत माणसाला जे ओळखलं होतं ते सगळं बाजूला ठेवून तिने मान डोलावली, आणि धाकटीला कळवलं की थोडी थांब, बाग झाली की येतेच.

साहेबांनी आलेखाचे कागद आणले. टोकदार पेन्सिली आणल्या. बागेचा आराखडा जेवणाच्या टेबलावर पसरला, तो उचलायचा नाही अशी ताकीद मिळाली आणि घरातली माणसं, म्हणजे दोघंच, ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागली. हिरवळ काढायची, कारण तिला पाणी लागतं. गुलाब काढायचे, कारण त्यांना माणूस लागतो. जमिनीवर काळं जाड कापड अंथरायचं म्हणजे गवत उगवत नाही. त्यावर गोटे. गोट्यांत मधेमधे कोरफडी, निवडुंग, जाड पानांची झाडं, ज्यांना कुणी विचारलं नाही तरी चालतं. माईला वाटलं, या झाडांशी आपलं जमेल.

माळी बोलावला. तो कामाला चांगला होता, पण साहेबांनी खुर्ची त्याच्याच शेजारी टाकली. कुदळ किती अंशात धरावी यावर त्याला प्रवचन मिळालं. दुसऱ्या दिवशी तो जेवायला म्हणून जो गेला तो गेलाच. मग गुलाब कुणी उपटले? ज्या हातांनी लावले होते त्यांनीच. एकेका झाडाची मुळं हातभर खोल, आणि साहेब वरून सांगतायत की जपून, मुळं तुटली तर डॉक्टरांना देता येणार नाही. शेजारच्या डॉक्टरांना गुलाब द्यायचं त्यांनी परस्पर कबूल केलं होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. माईने सगळे गुलाब खणून, गोणपाटात बांधून कुंपणापलीकडे पोचवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘साहेबांचं मन किती मोठं!’

एवढं सगळं होईपर्यंत उन्हाळा सरला. धाकटी फोनवर म्हणाली की आता सुईत दोरा शेजारीण ओवून देते, पण शिवण सरळ येते, सवयीने. बाग कुठवर आली? माईने सांगितलं, कापड अंथरून झालंय, गोटे आले की झालंच.

गोटे आले ते पांढरेशुभ्र. दुकानदार राखाडी दाखवत होता, तपकिरी दाखवत होता. त्याने चांगल्या मनाने सांगितलंसुद्धा की साहेब, पांढऱ्यावर धूळ दिसते. पण साहेबांना पांढरेच हवे होते, कारण आराखड्यात ते पांढरे होते. ट्रक रस्त्यावर रिकामा झाला आणि माईने घमेल्या-घमेल्यांनी बाग पांढरी केली. पहिल्या दिवशी डोळे दिपले. आठवड्यात रंग उडाला. रस्त्याची धूळ, शेजारच्या मोठ्या झाडाचा पालापाचोळा, मांजरांचे उद्योग. हिरवळीवरचं पान खराट्याने निघायचं, गोट्यांतलं निघेना. ते वाकून, बोटांनी, एकेक वेचावं लागे. आणि साहेब खुर्चीतून म्हणायचे, ‘अगं, ते उजवीकडचे जरा पिवळट दिसतायत.’

आता ऐका, नवलाची गोष्ट. या बाईने गोटे धुतले. बादलीत पाणी, पाण्यात साबण, घासायला ब्रश. जी बाग पाण्यावाचून जगावी म्हणून केली, तिला आंघोळ घालावी लागत होती. गुलाबाला निदान फुलं यायची, घासून घासून गोट्याला काय येणार? नाकापेक्षा मोती जड झाला होता आणि नाक माईचं होतं. तिच्या बोटांना चिरा पडल्या, रात्री झोंबायच्या. पण ती करत राहिली, कारण साहेब म्हणत होते, हत्ती गेला, आता शेपूट तेवढं राहिलं.

शेपूट लांब निघालं. पावसाचं पाणी वाहून जायला नळ्या टाकायच्या राहिल्या. मग नळ्या दिसतात म्हणून झाकायच्या राहिल्या. मग कडेला विटांची ओळ. साहेबांनी ती ओळ दोनदा काढायला लावली, कारण दोरीपासून बोटभर हलली होती. धाकटीचा फोन यायचा तेव्हा माई हल्ली बागेचं आपणहून सांगायची नाही. धाकटीही विचारायची नाही. इकडचं तिकडचं बोलायच्या. एकदा धाकटी सहज म्हणाली की शिलाई बंद केली, मशीन एका मुलीला देऊन टाकलं. माईने फोन ठेवला, बाहेर गेली आणि विटांची ओळ तिसऱ्यांदा सरळ केली. त्या रागात केली ती मात्र पहिल्याच फटक्यात जमली.

अखेर एका सकाळी साहेब खुर्चीतून उठले, बागेभोवती फेरी मारून आले आणि म्हणाले, झाली. माईने हात पुसले आणि तिथल्या तिथे सांगितलं की मग मी येत्या सोमवारी निघते. साहेब ‘हं’ म्हणाले. दुपारी ते रोपवाटिकेत गेले आणि रिक्षा भरून परत आले. रिक्षात नाजूक पानांची रोपं होती, वाऱ्याने मोडतील अशी, ट्रेच्या ट्रे भरून. सावलीच्या कोपऱ्यात लावायची म्हणाले. यांना काही म्हणजे काही लागत नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ हलका फवारा मारायचा.

माईने विचारलं, कुणी मारायचा?

साहेबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि रिक्षावाल्याशी बोलायला लागले.

माई त्या रोपांकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाग होणारच नव्हती. आज ही रोपं, उद्या मासे, परवा कारंजं. हा माणूस तिला नको म्हणत नव्हता, कारण नको म्हणायलाही मणका लागतो. तो ताकाला जाऊन भांडं लपवत होता, आणि वर्षभर ती त्या भांड्याला घासून चकाकी आणत होती. तिला त्याचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. तिने ती रोपं उतरवून घेतली नाहीत. रिक्षावाल्याने बिचाऱ्याने ती फाटकाशी मांडून ठेवली.

आणि साहेबांचं नशीब बघा, की त्यांनी स्वतःच स्वतःचा खड्डा खणून ठेवला होता. तेवढं एकच खणणं त्यांनी आयुष्यात जातीने केलं. त्या रविवारी त्यांनी बागप्रेमी मंडळाला घरी बोलावलं होतं. ‘बिनकष्टाची बाग’ या विषयावर त्यांचं व्याख्यान होतं. मंडळाच्या अध्यक्षीणबाई, त्यांच्या मैत्रिणी, डॉक्टर, डॉक्टरीणबाई, अशी पंधरा-वीस माणसं व्हरांड्यात दाटीवाटीने बसली. माईने शनिवारभर गोटे धुतले होते. बाग दुधासारखी दिसत होती. साहेबांनी आराखडा भिंतीला टांगला, हातात फूटपट्टी घेतली आणि सुरुवात केली.

बोलायला काय, जिभेला हाड नसतं. साहेब म्हणाले, ही बाग मी स्वतः उभी केली. म्हणाले, हिला पाणी नको, खत नको, छाटणी नको. एक बाई म्हणाल्या, पण आठवड्यातून कधीतरी हात फिरवावा लागत असेलच ना? साहेब हसले. ते हसणं माईच्या ओळखीचं होतं, खात्यातल्या कारकुनांसाठी राखून ठेवलेलं. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘आम्ही दोघं उद्या सहा महिने बाहेर गेलो तरी या बागेला पत्ताही लागणार नाही.’ टाळ्या पडल्या.

माई चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा त्या टाळ्या चालूच होत्या. अध्यक्षीणबाईंनी कप उचलला आणि लाडाने म्हणाल्या, ‘काय हो माई, मजा आहे तुमची. आता दिवसभर करता तरी काय?’ सगळे हसले. साहेबही हसले.

माईने ट्रे टेबलावर ठेवला. एरवी ती चहा देऊन आत जायची, आज गेली नाही.

‘उद्या सकाळच्या गाडीने बहिणीकडे जाते,’ ती म्हणाली. ‘तिचे डोळे चाललेत. तिने वर्षापूर्वीच बोलावलंय. बाग होईपर्यंत थांब म्हणाले होते हे.’ मग ती साहेबांकडे वळली. ‘झाली ना हो आता?’

व्हरांड्यात कुणी कप वाजवेना. साहेबांच्या हातातली फूटपट्टी आराखड्यावरच्या सावलीच्या कोपऱ्यावर टेकून राहिली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. नाही म्हणावं तर व्याख्यान खोटं, हो म्हणावं तर बायको चालली. पण माणूस शेवटी टाळ्यांचा भुकेला.

‘झाली,’ ते म्हणाले.

‘वर्ष झालं?’ अध्यक्षीणबाई आता लाडात नव्हत्या. ‘अहो जा, जा माई. चांगले चार महिने राहून या. इथे आहेच काय करायला?’ आणि साहेबांकडे त्यांनी असं बघितलं की चहा संपवून मंडळ लवकरच उठलं.

माणसं गेल्यावर साहेब आत आले. माई पिशवी भरत होती. चारचौघांत असं बोलायचं होतं का, वगैरे म्हणून झालं. ती लुगडी-साड्यांच्या घड्या करत राहिली. मग ते पलंगाच्या कडेला बसले.

‘आणि माझं काय?’ ते म्हणाले. ‘मला घरातलं काही सापडत नाही. एकट्याला करमत नाही मला इथे.’

खरं सांगायचं तर माईला वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बिनआराखड्याचं वाक्य होतं. पण वाईट वाटण्याच्या पाठोपाठ राग आला, आणि तो राग काही जाईना.

‘हे वर्षापूर्वी म्हणाला असतात,’ ती म्हणाली, ‘तर दोघंही गेलो असतो. तीच गाडी होती, तिथे जागा होती, धाकटीला आनंद झाला असता. एवढंसं वाक्य बोलायला नको म्हणून मला दगड घासायला लावलेत तुम्ही.’

मग ती त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. साखर कुठल्या डब्यात आहे, चहापत्ती कुठल्या, गॅस बंद कसा करायचा, हे तिने त्यांना दाखवलं. फवाऱ्याचा पंप दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत आले, पिशवी मात्र तिनेच उचललेली होती.

धाकटीचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढची खोली शिलाईची होती, आता तिथे एक टेबल आणि दोन खुर्च्या. दार उघडंच होतं. माईने हाक मारली, तशी धाकटी उठून पुढे आली, पण माईकडे न बघता दाराच्या चौकटीकडे बघत. माईला वाटलं, संपलं, उशीर झाला. तिने धाकटीचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, दिसत नाही का गं मी?

‘दिसतेस की,’ धाकटी म्हणाली. ‘माझं मधलं गेलंय फक्त. कडेकडेचं आहे. समोर बघितलं तर तू नाहीस, जरा बाजूला बघितलं की तू आहेस. केस किती पांढरे झाले गं तुझे.’ आणि मग, काही ठेवून न बोलता, रोजचं काहीतरी सांगावं तसं ती म्हणाली, ‘बाग काढायला घेतलीत ना, तोवर सरळ बघता येत होतं.’

माईला रडू आलं नाही. तिच्या तोंडून साहेबांना उद्देशून एक शिवी गेली, तीही लहानपणी दोघींना बोलायची बंदी असलेली. धाकटी इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. माई तिच्या समोरच्या खुर्चीत बसली.

आत फोन वाजायला लागला. एवढ्या लवकर कोण असणार हे दोघींना ठाऊक होतं. माई आत गेली नाही. तो वाजून वाजून थांबला, परत वाजायला लागला, तरी गेली नाही. तिने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि धाकटीच्या समोरून काढून तिच्या शेजारी, अगदी कडेला नेऊन ठेवली. मग खुर्चीत टेकून बसली आणि म्हणाली, ‘आता मान वळवू नकोस. बघ.’

धाकटीने समोरच्या रिकाम्या भिंतीकडे नजर लावली आणि बहिणीला पोटभर बघून घेतलं.